टाक्यांचा धागा आणि नायजेरियाची गाठ : परदेशी वितरकाला मक्ता देताना नोंदणी कुणाच्या नावावर?

भोसरीकर (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, धागा लांबलचक आहे. माझा धंदाही धाग्याचाच आहे, त्यामुळे सांभाळून घ्या.

भोसरी एमआयडीसीत माझं छोटं युनिट आहे. ऑपरेशननंतर टाके घालायला लागतो तो निर्जंतुक धागा, म्हणजे सुचर, आम्ही बनवतो. मुख्यतः क्रोमिक कॅटगट आणि पॉलिग्लॅक्टिन, दोन्ही शरीरात विरणारे. माणसं बेचाळीस, त्यातल्या तीसेक बायका सुईला धागा जोडायच्या टेबलांवर. सुईच्या मागच्या टोकाला केसाएवढं भोक असतं. त्यात धागा सरकवायचा, दाबायचा, ओढून बघायचा. दिवसभर तेच. वैद्यकीय उपकरणं बनवायचा एमडी-९ परवाना आहे, गुणवत्तेचं आयएसओ १३४८५ प्रमाणपत्र आहे. देशात धंदा बरा चालतो, पण सरकारी हॉस्पिटलांची उधारी बघितली की परदेशी डॉलर गोड वाटायला लागतात.

२०१६ च्या जानेवारीत दुबईच्या अरब हेल्थ प्रदर्शनात नायजेरियातल्या लेगॉसचा एक वितरक भेटला. नाव घेत नाही. बोलायला गोड, खिशाने तगडा, आणि नाफडाकची (म्हणजे तिथल्या औषध नियंत्रकाची) फाइल स्वतःच्या खर्चाने करतो म्हणाला. मी हुरळून गेलो. पाच वर्षांचं मुखत्यारपत्र, आख्ख्या पश्चिम आफ्रिकेचा मक्ता, सगळ्यावर सही ठोकून दिली. नाफडाकला ब्रँडचं नाव तिथल्या ट्रेडमार्क दफ्तरात नोंदल्याचा पुरावा लागतो. तो म्हणाला, "तुम्ही कशाला दगदग करता, आम्ही बघतो." मी लोगो व्हॉट्सअॅपवर पाठवला. हो, व्हॉट्सअॅपवर. हसू नका.

दोन वर्षं माल गेला, पैसेही आले. मग ऑर्डर आटली. मी २०१९ मध्ये स्वतः गेलो. अपापा बंदराकडून त्याच्या गोदामापर्यंत पोचायलाच अर्धा दिवस गेला. गोदामात पत्र्याच्या छताखाली, अगदी वरच्या थरात, आमची कार्टन्स. पॉलिग्लॅक्टिनवर आम्ही २५ अंशांखाली ठेवा असं छापतो. तिथे मला उभं राहवत नव्हतं. एक खोका फोडला, फॉइल काढलं, २-० जाडीचा धागा बोटांवर घेऊन गाठ मारली. शेवई तुटावी तसा तुटला. हा धागा पोटात पाण्यानेच विरतो, आणि फॉइलला टाचणीएवढी वाट मिळाली तर तेच काम दमट हवा खोक्यात करते. खालच्या थरात मात्र दुसऱ्याच कारखान्याचा स्वस्त माल होता, त्याच्या स्वतःच्या ब्रँडखाली.

म्हणजे तो आमचा माल विकत नव्हता, आणि दुसऱ्या कुणाला विकूही देत नव्हता. मुखत्यारपत्र संपेपर्यंत मी हात चोळत बसलो. पुढे नवा माणूस शोधला तर कळलं की आमच्या ब्रँडचं नाव त्या देशात *त्याच्या* नावावर आहे. आम्ही नाव बदललं, लेबलं बदलली, डॉसियर (म्हणजे नोंदणीची फाइल) पुन्हा, दिल्लीला नायजेरियन हायकमिशनमधून कागदांवर शिक्के पुन्हा. २०२३ च्या मे महिन्यात एकदाचा नोंदणी क्रमांक आला. आणि जूनमध्ये नव्या सरकारने नायराचा दर बाजारावर सोडला. डॉलरला ४६०-४७० च्या आसपास असलेला नायरा पुढच्या वर्षी दीड हजाराच्या पलीकडे गेला. नव्या वितरकाने पहिल्या ऑर्डरनंतर फोन उचलणं कमी केलं. त्याला तरी काय बोलू?

आता नैरोबीच्या एका कंपनीचा प्रस्ताव आलाय. केनिया, युगांडा, टांझानिया, रवांडा, दक्षिण सुदान, सगळा मिळून पाच वर्षांचा मक्ता मागतात. नोंदणीचा खर्च त्यांचा. माणसं बरी वाटतात, पण बरा तर तोही वाटला होता. ज्यांनी औषधं, उपकरणं, आयुर्वेदिक, काहीही नियंत्रणाखालचं बाहेर पाठवलंय त्यांनी जरा सांगा. सही करू का, आणि करायची तर कशावर?

चहाटळ | सोमवार, रात्री १०.०५

वाखुसा (वाचनखूण साठवली). व्हॉट्सअॅपवर लोगो... असो. हसलो नाही.

निवृत्त_फाइलवाला | सोमवार, रात्री ११.३०

भोसरीकर, तुमच्यासारखे किमान वीस जण माझ्या टेबलासमोर बसून गेलेत. मी ठाण्यात एका औषध कंपनीच्या रेग्युलेटरी विभागात एकतीस वर्षं काढली. तुमचं घोडं करारात पेंड खात नव्हतं, ते त्याच्या आधीच्या पायरीवर खात होतं. "वितरक" म्हणून तुम्ही एका माणसाला तीन वेगळी कामं दिलीत : नोंदणी धारण करणारा, आयात करणारा आणि माल विकणारा. बऱ्याच देशांत कायद्याने ही तिन्ही पदं वेगळी करता येतात.

उदाहरण देतो. युरोपचा उपकरणांचा कायदा (२०१७/७४५, लागू २६ मे २०२१ पासून) अधिकृत प्रतिनिधी, आयातदार आणि वितरक यांच्या जबाबदाऱ्या वेगवेगळ्या कलमांत लिहितो. मलेशियात २०१२ चा उपकरण कायदा आहे, क्रमांक ७३७. परदेशी उत्पादकाला तिथे अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो. तो तुमचा वितरकच असावा असं कुठेही म्हटलेलं नाही. सौदीतही प्रतिनिधी वेगळा नेमता येतो. अशा देशांत नोंदणी धरून ठेवणाऱ्या स्वतंत्र सल्लागार कंपन्या असतात. वर्षाला फी घेतात, एक खोकाही विकत नाहीत. फी जड वाटते. पण तुमची लेगॉसची पाच वर्षं पैशात मोजा आणि मग सांगा जड कोणती ते.

याउलट इंडोनेशिया. तिथे विक्रीचा परवाना स्थानिक वितरकाच्याच नावावर निघतो. तिथे नवरा निवडताना कुंडली दोनदा बघावी.

नायजेरियाबद्दल. मुखत्यारपत्र किमान पाच वर्षांचं हवं ही नाफडाकचीच अट आहे, त्यात त्या माणसाचा दोष नाही. पण ट्रेडमार्क *मालकाच्या* नावावर हवा, हेही त्याच नियमावलीत लिहिलेलं आहे. म्हणजे नियम तुमच्या बाजूने होता. तुम्ही तो वाचला नाहीत, त्याने वाचला.

माद्रिद करारात भारत ८ जुलै २०१३ पासून आहे. मुंबईत बसून एका अर्जात अनेक देशांत ब्रँड नोंदवता येतो. केनिया त्यात आहे. नायजेरिया नाही, तिथे वेगळा वकील गाठून वेगळा अर्ज करावा लागतो. नैरोबीवाल्यांना होकार कळवण्याच्या *आधी* हा अर्ज करा. उद्याच करा.

भोसरीकर | मंगळवार, सकाळी ७.१५

काका, शेवटची ओळ वाचून सकाळी सकाळी एजंटला फोन लावला. तो अजून झोपलाय.

खाडीपलीकडची | मंगळवार, दुपारी २.२०

मी शारजात राहते, मूळची डोंबिवलीची. चौदा वर्षं एका वितरक कंपनीत आहे, आधी ऑर्डर डेस्कवर, आता उत्पादकांशी करार बघते. इथे येणारा प्रत्येक जण वितरक कसा लबाड ते सांगणार, म्हणून दुसरी बाजू मांडते.

भोसरीकर दादा, तुमचा लेगॉसवाला लबाडच होता. पण तुमच्या धाग्याचे कोड किती? सुईचा आकार, धाग्याची जाडी, लांबी, अशा जोड्या धरल्या तर दोनशेच्या वर असतील. खपतात किती? पंधरा-वीस. उरलेले कोण ठेवतं? आम्ही. एखादे सर्जन म्हणतात, "मला ५-० हवा, पण अमुक वळणाच्या सुईचा," आणि तो नसेल तर बाकीचे वीस कोडही ते दुसऱ्याकडून घेतात. मग आम्ही तो एक कोड मागवतो. तुम्ही म्हणता किमान पन्नास खोके. दोन खोके जातात, अठ्ठेचाळीस आमच्या कपाटात मुदत संपेपर्यंत बसून राहतात. तुमच्या पुस्तकात ती विक्री असते. आमच्याकडे तो तोटा असतो.

नोंदणीचं बघा. फाइल आम्ही करतो, नमुने आम्ही सोडवतो, थिएटरमधल्या सिस्टरना फॉइल कसं फाडायचं ते आमची मुलगी शिकवते. पहिलं दीड वर्ष एक दिरहॅम सुटत नाही. तिसऱ्या वर्षी माल चालायला लागला की उत्पादकाचा मुलगा एमबीए करून येतो आणि म्हणतो, "मार्जिन फार आहे, आपण थेट टेंडर भरू." हे मी नावानिशी चारदा पाहिलंय, नावं सांगणार नाही. म्हणून आम्ही नोंदणीवर बसतो. तो आमचा एकमेव विमा असतो.

टेंडरची एक खोड सांगते. प्रत्येक सरकारी टेंडरला उत्पादकाचं अधिकारपत्र लागतं. आमच्या एका उत्पादकाने एकाच टेंडरसाठी आम्हालाही पत्र दिलं आणि आमच्या प्रतिस्पर्ध्यालाही. दोन्ही पाकिटं एकाच टेबलावर उघडली. आमच्या सेल्सवाल्याचं तोंड तेव्हा बघायला हवं होतं.

अमिरातीत एजंटांना पूर्वी फार संरक्षण होतं. १९८१ च्या कायद्याखाली नोंदलेला एजंट काढणं जवळपास अशक्य, आणि तो तुमचा दुसरीकडून आलेला माल कस्टम्सवर अडवू शकायचा. २०२२ चा नवा कायदा जून २०२३ पासून लागू झाला, तेव्हापासून मुदत संपल्यावर बाहेर पडणं थोडं सोपं झालंय. थोडंच. इथे करताय तर "एजन्सी नोंदवणार की नुसता वितरण करार" हे पहिल्या बैठकीत विचारा. आम्ही उत्तर टाळलं तर समजून जा :)

गावठी_तज्ज्ञ | मंगळवार, दुपारी ३.००

हे सगळं कशाला? ऑनलाइन विका ना थेट हॉस्पिटलला. वितरक ही संकल्पनाच कालबाह्य आहे.

निवृत्त_फाइलवाला | मंगळवार, दुपारी ३.४०

जरूर विका. माल मोंबासाच्या बंदरात पोचला की कस्टम्सवाला विचारेल, आयातदाराचा परवाना कुठे, नोंदणी क्रमांक कुठे, तक्रार आली तर देशातला कोण माणूस उत्तर देणार. तेव्हा त्याला संकल्पना समजावून सांगा.

देवगडचा_हापूस | मंगळवार, संध्याकाळी ६.१०

अवांतर, पण राहवत नाही. वर धाग्यात "मक्ता" शब्द वापरलाय तो एकदम चपखल. आमच्याकडे आंब्याच्या बागेचा मक्ता देतात. मोहोर यायच्या आत व्यापारी पैसे टाकतो, मग बाग त्याची. फवारणी तो करतो, राखण तो करतो, माल वाशीला तोच नेतो. पण सातबारा? तो माझ्याच नावावर! मक्तेदाराने कितीही खत घातलं तरी सातबाऱ्यावर त्याचं नाव चढत नाही. तुम्ही लोकांनी परदेशात मक्त्यासोबत सातबाराही देऊन टाकलात असं दिसतंय.

आणि "वितरक" हा शब्द मला पेपर टाकणाऱ्या पोरासारखा वाटतो. चूकभूल देणेघेणे.

खाडीपलीकडची | मंगळवार, संध्याकाळी ७.००

हापूसदादा, सातबारा हे उत्तम. पण मक्तेदाराने कलमं नवी लावली असतील तर? बाग सोडताना तो त्याचे पैसे मागणारच ना. तेच नोंदणीचा खर्च म्हणून करारात लिहायचं : मुदतीआधी काढलंत तर आमचा उरलेला खर्च परत द्या, आणि त्या दिवशी नोंदणी तुमच्या नव्या माणसाच्या नावावर करायला आम्ही सह्या देतो. आमच्या कंपनीने असं तिघांशी केलंय. एकाशी फारकत झाली, तीही भांडणाशिवाय.

आसवअरिष्ट | मंगळवार, रात्री ९.२५

कोल्हापूरहून. आम्ही आयुर्वेदिकवाले. तुमचं बरं, टाके घालायचा धागा बहुतेक सगळीकडे उपकरणच असतो. आमचा अश्वगंधारिष्ट इथे औषध, अमेरिकेत १९९४ च्या कायद्याखाली आहारपूरक, आणि युरोपात २००४ च्या वनौषधी निर्देशाखाली पारंपरिक औषध. पण तेव्हाच, जेव्हा तीस वर्षांच्या वापराचा पुरावा असेल आणि त्यातली पंधरा वर्षं युरोपातलीच असतील. आमचे आजोबा १९५८ पासून अरिष्टं करतायत, पण त्यांना जर्मनीत कोण ओळखणार?

आखातात तर अरिष्टाच्या बाटलीत आंबवण्याने आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं. लेबलवर आपण ते इमानदारीत छापतो. दम्माममधल्या वितरकाने छापू नका म्हणून सुचवलं. मी म्हटलं, मग प्रयोगशाळेत सापडेल तेव्हा तुरुंगात कोण जाणार, तू का मी? चूर्णावर भागवलं शेवटी.

माझा सगळ्यात मोठा धडा वेगळाच. न्यू जर्सीतल्या वितरकाने स्वतःच्या वेबसाइटवर आमच्या गोळीखाली लिहिलं, "मधुमेह मुळापासून बरा." आम्ही असं कधीच म्हटलेलं नव्हतं. पण आहारपूरकाच्या नावाने रोग बरा करण्याचा दावा केला की तिथल्या कायद्याने ते परवानगी नसलेलं औषध ठरतं, आणि बाटलीवर नाव आमचं. २००४ मध्ये तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात बॉस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या सत्तर आयुर्वेदिक उत्पादनांपैकी चौदांमध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचं छापून आलं होतं. तेव्हापासून आमच्याकडे आधीच भिंगातून बघतात. त्या वेबसाइटच्या प्रकारानंतर करारात एक ओळ पक्की : जाहिरातीचा, वेबसाइटचा, फेसबुकचा प्रत्येक शब्द आमच्या लेखी मंजुरीशिवाय नाही.

पोटतिडीक | बुधवार, सकाळी ८.५०

सगळे सातबारा, मक्ता करताय, पेशंटचं कुणी बोलेल का? ऑक्टोबर २०२२ आठवा. गाम्बियात आपल्या देशातून गेलेली चार सिरपं, जागतिक आरोग्य संघटनेचा इशारा, आणि साठाहून जास्त मुलं गेली. गाम्बियात त्या वेळी औषधं तपासायची प्रयोगशाळाच नव्हती. म्हणजे इकडे कारखाना, तिकडे आयातदार, मध्ये कुणीच नाही. त्यानंतर आपल्या सरकारने १ जून २०२३ पासून खोकल्याच्या सिरपची निर्यातीआधी सरकारी तपासणी सक्तीची केली. भोसरीकर, तुमचा शेवईसारखा तुटलेला धागा कुणाच्या पोटात गेला का, हे तुम्हाला माहीत आहे का?

भोसरीकर | बुधवार, दुपारी १.१०

पोटतिडीक, टोचलं, पण योग्य टोचलंत.

पूर्ण माहीत नाही. तो लॉट मी तिथल्या तिथे परत मागितला. किती खोके विकले ते त्याने सांगितलं, *कुणाला* विकले ते नाही. त्याच्याकडे लॉटनिहाय हिशोबच नव्हता, इन्व्हॉइसवर नुसतं "सुचर, २० खोके". मी त्याच्याकडून नाफडाकला लेखी कळवून घेतलं आणि त्याची प्रत फाइलला लावली. विकलेल्या एकशे चाळीस खोक्यांपैकी त्रेसष्ट परत आले. उरलेल्यांची आठवण अजून येते. हे मी मूळ धाग्यात लिहिलं नव्हतं, कारण लिहायला लाज वाटली.

निवृत्त_फाइलवाला | बुधवार, दुपारी २.३०

लिहिलंत ते बरं केलंत. यासाठीच वितरण करारापासून वेगळा गुणवत्ता करार करतात, आणि लहान कारखाने नेमका तोच करत नाहीत. त्यात पैशाचं अवाक्षर नसतं. साठवणीचं तापमान किती आणि नोंद कोण ठेवणार. कुठला लॉट कुठल्या हॉस्पिटलला गेला. तक्रार आली की किती दिवसांत तुम्हाला कळवायची. माल परत बोलवायचा निर्णय कोण घेणार आणि खर्च कुणाचा. लेबलवर स्टिकर लावायची परवानगी आहे का. (स्टिकरखाली मुदतीची तारीख झाकलेली मी डोळ्यांनी पाहिलेली आहे.)

नायजेरियाच्या नियंत्रकाला शिव्या देणारे खूप भेटतात, म्हणून थोडा इतिहास. २००१ मध्ये डोरा अकुन्यिली तिथल्या प्रमुख झाल्या. बनावट इन्शुलिनने त्यांची स्वतःची बहीण गेली होती. बाईंनी बनावट औषधांच्या बाजारांवर जे रान उठवलं ते त्या क्षेत्रातला माणूस विसरू शकत नाही. भारतातून, चीनमधून जाणाऱ्या औषधांना जहाजावर चढण्याआधी इथेच तपासून दाखला घ्यावा लागतो, त्याची मुळं तिथली आहेत. तो अपमान नाही. आपल्याच काही भावंडांनी आधी पाठवलेल्या मालाची ती पावती आहे.

कलमकसाई | बुधवार, रात्री १०.४५

व्यवसायाने वकील, पुणे. फुकट सल्ला आहे, त्यामुळे किमतीइतकाच धरा.

"पूर्व आफ्रिका" हा शब्द करारातून खोडा. देश एकेक करून लिहा. केनियाच्या फार्मसी अँड पॉयझन्स बोर्डाची नोंदणी युगांडात चालत नाही, तिथली नियंत्रक संस्था एनडीए वेगळी, टांझानियाची टीएमडीए वेगळी. मग पाच देशांचा मक्ता एकगठ्ठा का? केनिया आता द्या. युगांडा आणि टांझानियात अमुक महिन्यांत फाइल *दाखल* केली तर तिथला मक्ता, नाहीतर तो देश आपोआप मोकळा. "प्रयत्न करू" या शब्दांवर मी आजवर एकही दावा जिंकलेलो नाही.

लक्ष्य आणि किमान खरेदी यांत फरक आहे. वितरक नेहमी "लक्ष्य" लिहून आणतो. लक्ष्य चुकलं तर वाईट वाटतं. किमान खरेदी चुकली तर मक्ता जातो. पण खाडीपलीकडच्या ताईंचं ऐकून सांगतो, तो आकडा नोंदणी क्रमांक हातात आल्याच्या तारखेपासून मोजा, सहीच्या तारखेपासून नाही. नाहीतर बिचारा फाइल फिरवतानाच हरतो.

मुखत्यारपत्राची मुदत आणि कराराची मुदत जुळवा. आणि नोंदणी हस्तांतराचं, ना-हरकतीचं पत्र पहिल्याच दिवशी सही करून तिऱ्हाइताकडे ठेवा. काही नियंत्रक ताजी तारीख मागतात, तेव्हा ते जादूची कांडी नाही. पण वाटाघाटीत उपयोगी पडतं. लग्नातच घटस्फोटाचे कागद म्हणून लोक नाक मुरडतात. मुरडू द्या.

न्यायालय "पुणे" लिहून खूश होऊ नका. पुण्याचा हुकूमनामा घेऊन लेगॉसला गेलात तर त्याची पुडी बांधतील. लवाद लिहा. परदेशी लवादाचे निवाडे मानण्याच्या न्यूयॉर्क करारात भारत, केनिया, नायजेरिया तिघेही आहेत, लवादाचा निवाडा निदान दाखल तरी करता येतो. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पैसे आधी घ्या. ज्याचे पैसे आलेत त्याला वकील लागत नाही. हे मी माझ्या पोटावर पाय देऊन सांगतोय.

चहाटळ | बुधवार, रात्री ११.१०

वरचं शेवटचं वाक्य प्रिंट काढून कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत लावणार का?

खाडीपलीकडची | गुरुवार, सकाळी १०.३०

पैसे आधी हे खरं, पण नैरोबीवाला कुठल्या पैशातून देणार तेही बघा. तो सरकारी हॉस्पिटलांना विकत असेल तर तिथल्या काउंटी सरकारांनी पुरवठादारांचे पैसे थकवणं हा तिकडचा कायमचा रडगाण्याचा विषय आहे. मिशन हॉस्पिटलं आणि खासगी साखळ्या वेळेवर देतात, पण भाव पाडून मागतात. त्याला विचारा, तुझा किती टक्के माल कुणाला जातो. नुसतं उत्तर ऐकू नका, तो किती वेळात उत्तर देतो ते बघा. धंदा करणाऱ्याला ही टक्केवारी झोपेतही पाठ असते.

उधारीवर देणारच असाल तर ईसीजीसीचा (निर्यातीच्या उधारीचा विमा देणारी सरकारी कंपनी) विमा घ्या. ते खरेदीदाराची पत स्वतः तपासतात, आणि त्यांनी नकार दिला तर तुमचं उत्तर तुम्हाला फुकटात मिळालं. आमच्या कंपनीला एकदा त्यांनी कमी मर्यादा दिली होती. मला राग आला होता, पण त्यांचं बरोबर होतं.

आसवअरिष्ट | गुरुवार, सकाळी ११.००

आणि कागदांचा वेळ धरा. ॲपोस्टिल (आपल्या सरकारचा एकच शिक्का, दूतावासाशिवाय) चालणारे देश आणि दूतावासाचा शिक्का मागणारे देश यांत महिनाभराचा फरक पडतो. फिलिपिन्स २०१९ पासून ॲपोस्टिलवर आलं, आमचं काम एकदम हलकं झालं. अमिरातीला अजून वकिलातीचा शिक्काच लागतो. फ्री सेल सर्टिफिकेटची (माल आपल्या देशात खुला विकला जातो या दाखल्याची) मूळ प्रत *एकच* काढू नका. आमची कुरियरमध्ये गहाळ झाली, आणि दुसरी काढेपर्यंत चेंबर ऑफ कॉमर्सच्या पहिल्या शिक्क्याची मुदत गेली.

भोसरीकर | सात आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ५.२०

धागा वर काढतोय. नैरोबीला जाऊन आलो.

आधी गोदाम बघायचं म्हटलं, ऑफिस नंतर. इंडस्ट्रियल एरियात आहे. एसी चालू होता, भिंतीवर तापमानाची वही दोरीने टांगलेली, रोज दोन नोंदी. एका रविवारच्या दोन्ही नोंदी रिकाम्या होत्या. विचारलं तर गोदामवाली बाई म्हणाली, रविवारी बंद असतं. मला ते आवडलं. खोटं भरणाऱ्याची वही पूर्ण भरलेली असते.

टक्केवारी विचारली. मालकाने दोन सेकंदांत सांगितली : साठ टक्के खासगी आणि मिशन हॉस्पिटलं, बाकी सरकारी, आणि सरकारीचे पैसे कधी येतात ते देवाला माहीत. ताई, तुमची आठवण झाली.

मग घासाघीस. पाच देशांचा मक्ता नाही म्हटल्यावर चेहरा पडला. शेवटी केनिया आता, युगांडात नऊ महिन्यांत फाइल दाखल केली तर युगांडा. टांझानिया, रवांडा, दक्षिण सुदानचं पुढे बघू. ब्रँडचा माद्रिद अर्ज आमच्या नावाने गेलाय, त्याची पावती मी टेबलावर ठेवली, तो हसला आणि म्हणाला, "कुणीतरी आधी चटके दिलेले दिसतात." कोड सव्वादोनशेऐवजी चोवीस. जास्तीचा कोड हवा असेल तर आम्ही पाच खोक्यांपासून देणार, भाव थोडा चढा. गुणवत्ता करार वेगळा. लॉटनिहाय विक्रीची यादी दर महिन्याला, त्याशिवाय पुढची ऑर्डर निघणार नाही, हे मात्र मी हट्टाने घातलं. पोटतिडीक, ते तुमच्यामुळे.

नोंदणी त्यांच्या अर्जावरच होणार. स्वतंत्र प्रतिनिधीची फी आमच्या आकाराला परवडेना. पण हस्तांतराचं पत्र आणि खर्चाच्या परताव्याचं कोष्टक, दोन्ही जोडपत्रात आहेत. वर्षागणिक परतावा कमी होत जातो, चौथ्या वर्षी शून्य. त्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. त्याच्या बायकोने हिशोब केला, ती सीए आहे, माझ्यापेक्षा तल्लख.

सह्या अजून बाकी आहेत. एक कलम लटकलंय : करार संपल्यावर त्याच्याकडे उरलेला माल. तो म्हणतो आम्ही परत घ्यायचा. मी म्हणतो वर्षाहून कमी मुदत उरलेला माल घेणार नाही.

खाडीपलीकडची | रविवार, रात्री ८.००

वर्ष जास्त होतं, दादा. त्याच्याकडे पोचेपर्यंतच तुमच्या मालाचं पाऊण वर्ष संपलेलं असतं. पाच वर्षांची मुदत छापता ना? मग तुम्हीच पाठवताना किमान किती शिल्लक देणार ते लिहिलंय का?

भोसरीकर | रविवार, रात्री ८.२५

नाही लिहिलं.

कलमकसाई | रविवार, रात्री ८.४०

झालं. जोडपत्र क्र. ४ पाठवा इकडे, आज रात्री बघतो.